बॉयलरकाकांची चुकलेली आग

आग पाहिलेली माणसं जगात पुष्कळ असतील, आग लावणारी तर आमच्या इंदिरानगरातच चार-दोन सापडतील. पण पेटलेल्या आगीकडे मान तिरकी करून बघत ‘हं, जमलंय’ किंवा ‘छे, नाही जमलं’ असा निकाल देणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांनी उभी नोकरी बॉयलरपाशी काढली, म्हणून बिल्डिंगमधले लहानथोर त्यांना बॉयलरकाका म्हणतात. बॉयलरच्या अंगाला एक छोटी काचेची खिडकी असते. तिच्यातून आतल्या ज्वाळेचा रंग बघायचा आणि तिची तब्येत ओळखायची, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर माणसं बागेत फिरतात, नातवंडं खेळवतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. काकांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी गॅलरीत एक टेबल टाकलं, शाडूची माती, तारा आणि आगपेटीच्या काड्या जमवल्या, आणि तळहातावर मावतील अशी आगीची छोटी छोटी मॉडेलं करायला सुरुवात केली. बोटाच्या पेराएवढा लोहार आणि त्याची भट्टी. हुरड्याची आगटी आणि तिच्याभोवती उकिडवे बसलेले पाहुणे. चहाची टपरी आणि भरभरणारा स्टोव्ह. या सगळ्या आगी रंगाच्या. एकाही मॉडेलमध्ये बल्ब नाही, वायर नाही, सेल नाही. तरी बघणाऱ्याला वाटावं की हात पुढे केला तर शेक लागेल.

बल्बचं नाव काढलं की काका चिडतात. एकदा गणपतीत सोसायटीने देखाव्यांची स्पर्धा ठेवली होती. सगळ्यांनी लुकलुकणाऱ्या माळा सोडलेल्या, आणि काकांनी आपली वीटभट्टी नेऊन ठेवलेली, साबणाच्या डबीएवढी. परीक्षक म्हणून आलेले चित्रकलेचे सर तिच्यापुढे वाकले, बराच वेळ बघत राहिले, आणि मग हळूच हात मागे घालून बटन चाचपायला लागले. बटन सापडेना तेव्हा त्यांनी वहीत ‘लाइटिंग उत्तम’ असं लिहिलं. काकांनी ते डोकावून वाचलं आणि शब्द खोडायला लावला. ‘लाइटिंग’ खोडून ‘रंगकाम’ लिहिताना सर इतके गोंधळले की बक्षीस भलत्यालाच देऊन गेले. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. मास्तरने बटन शोधलं, याच्यावर ते पुढे वर्षभर खूश होते.

त्यांच्या या शास्त्राचा खरा त्रास भोगला तो काकूंनी. त्यांनी पापड भाजायला घेतला की काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. पापड जळो नाहीतर राहो, यांचं लक्ष बर्नरच्या निळ्या टोकांवर. काकू मला म्हणाल्या होत्या, “इतकी वर्षं तिकडं हजेरी घेतली, आता माझ्या गॅसची घेतायत. एक दिवस शेगडीलाच पेन्शन लावून देतील.” लग्नकार्यात तर काकांना होमापासून लांब बसवावं लागतं. माझ्या आतेबहिणीच्या लग्नात त्यांनी गुरुजींना मध्येच थांबवून, धूर फार होतोय, त्या दोन समिधा जरा उभ्या लावा, असं सुचवलं. गुरुजींनी मंत्र न सोडता समिधा उभ्या लावल्या. ज्वाला सरळ झाली, काका ‘हं, जमलंय’ म्हणाले, आणि अक्षता टाकायची वेळ झाली असं समजून अर्ध्या मांडवाने अक्षता टाकून दिल्या.

एका आगीबद्दल मात्र काका काहीच बोलले नाहीत. चार वर्षांपूर्वी माझे बाबा गेले, तेव्हा अमरधाममध्ये चितेसमोर ते माझ्या शेजारी उभे होते. सगळा वेळ त्यांनी जमिनीकडे बघितलं.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते एका कारखान्यात टर्नर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांवरून, आणि शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घातली तीही उरलेल्या पत्रकांची. बाबा नेहमी वाटणाऱ्यांत असत, म्हणून ते कुठल्याच फोटोत नाहीत. फोटो व्यासपीठाचे निघतात आणि बाबा गर्दीत कुणाच्या तरी हातात कागद देत असत. एका हिवाळ्यात त्यांचं गेटवर धरणं चाललं होतं. काका रात्रपाळी संपवून घरी जायच्या आधी पहाटे तिकडे वाकडी वाट करून थर्मासमधून चहा न्यायचे. बाबा गेल्याला वर्ष झालं त्या दिवशी काका खाली आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवून वर निघून गेले. आत ते गेट होतं. अंधार, मध्ये शेकोटी, भोवती मफलर गुंडाळलेले सात-आठ लोक. एका कडेला बसलेला माणूस शेकोटीच्या उजेडात हातातला कागद वाचतोय, चष्मा नाकावर घसरलेला. ते बाबा होते. चेहरा तुरीच्या दाण्याएवढा, पण तो चष्मा वर न सारण्याचा आळस त्यात होता. त्या वयातल्या, त्या कामातल्या बाबांचा माझ्याकडे असलेला चेहरा तेवढाच. म्हणून ते मॉडेल मी टेबलाच्या आतल्या बाजूला ठेवलं, आणि झाडताना कुणाला हात लावू दिला नाही.

तोवर मीही एका कामगार संघटनेसाठी पत्रकं लिहायला लागले होते. मी लिहिलेलं सगळं काकांना वाचून दाखवायचे, कारण ते शांतपणे ऐकतात असा माझा समज होता. एकदा पिंपळगावकडच्या द्राक्ष पॅकहाउसमधल्या बायकांसाठी मी पत्रक लिहिलं. त्या दिवसभर उभ्या राहून घड निवडतात, बसायला साधं स्टूल नाही, हा प्रश्न होता. माझ्या पहिल्या चार ओळींत वणवा, ज्वालामुखी, अंगार आणि मशाल हे सगळं येऊन गेलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

“अगं पत्रकवाली, सगळंच पेटवलंस की,” ते म्हणाले. “आता उजेड कुणावर पडलाय ते दिसेना.”

मी रागावले. त्यावर वाद न घालता त्यांनी मला गॅलरीत नेलं आणि शिकवणी घेतली. आग रंगवायला बसलेला नवखा माणूस ज्वाळेवरच सगळा लाल रंग संपवतो, ते म्हणाले. खरं तर ज्वाळेला फार काही लागत नाही. गाभा उजळ, कडेला पिवळा, मग नारिंगी, टोकाला लालसर आणि शेवटी काजळी. लोक नेमकं उलट करतात, गाभा लाल आणि टोकं पिवळी, आणि मग ती आग न दिसता झेंडूचं फूल दिसते. मेहनत आहे ती आजूबाजूच्या अंधाराची. आधी सगळं काळं करायचं. मग आपलं डोकं खाली नेऊन डोळा शेकोटीच्या जागी ठेवायचा आणि विचारायचं, इथून मला काय दिसतं? तिथून ज्याचं नाक दिसतं त्याच्या नाकावर उजेड, ज्याची पाठ दिसते त्याच्या पाठीवर. जे दिसत नाही ते काळंच राहू द्यायचं, मनात कितीही माया आली तरी. मग त्यांनी काकूंच्या पेटत्या निरांजनाजवळ एक कोरा कागद धरला आणि मला त्याचा रंग विचारला. मी पांढरा म्हणाले.

“बघून सांग. आठवून सांगू नकोस.”

मी बघितलं. कागद नारिंगी होता. आगीपुढे पांढरं असं काही उरत नाही, सगळ्याला तिचाच रंग चढतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या संध्याकाळी मी पत्रक फाडलं आणि नवं लिहिलं. त्यात ज्वालामुखी नव्हता. एका बाईचे सुजलेले पाय होते आणि घरी गेल्यावर ती ते कोमट पाण्याच्या घमेल्यात कशी बुडवते, एवढंच होतं. पुढच्या हंगामात तिथे स्टुलं आली. ती माझ्या पत्रकामुळे आली असा माझा दावा नाही. पण ते पत्रक बायकांनी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलेलं मी पाहिलं. माझ्या ज्वालामुखीची घडी कधी कुणी घातली नव्हती.

तर असे हे काका. गेल्या काही वर्षांत मात्र त्यांची एक तक्रार वाढत चालली होती. हल्लीच्या आगीत दम नाही, सगळ्या पिवळट, ते म्हणायचे. लाकूड चांगलं येत नाही, कोळशात माती असते, गॅसमध्येही काहीतरी कालवतात. शेवटी त्यांनी खऱ्या आगीकडे बघून रंगवायचं सोडलं. बॉयलरमधली ज्वाला मला पाठ आहे, मी तीच रंगवणार, असं जाहीर केलं. त्याच काळात त्यांचे पांढरे शर्टही पिवळे पडायला लागले. काकूंनी तीनदा कपड्यांची पावडर बदलली, एकदा धुणं धुणारी बाईही बदलायला निघाल्या होत्या. इतकं सगळं होऊनही डोळे तपासावेत असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण ज्या डोळ्यांनी अख्ख्या जिल्ह्याच्या दिव्यांची आग सांभाळली त्यांच्यावर शंका घ्यायची कुणाची हिंमत नव्हती.

एकदा त्यांनी जिन्यात पायरी चुकवली, तेव्हा काकूंनी त्यांना धरून डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनं झाली, पट्टी सुटली, आणि काकांनी पहिल्यांदा काकूंकडे बघून विचारलं, “ही साडी जांभळी आहे?” काकू म्हणाल्या, “घेतली तेव्हापासून.” काका तिला इतकी वर्षं चॉकलेटी समजत होते. घरी आल्यावर त्यांचे शर्ट पांढरे निघाले, गॅस निळा निघाला, आणि काका आनंदाने आपल्या मॉडेलांच्या फळीपुढे जाऊन उभे राहिले. मी आणि काकू मागेच होतो. त्यांनी एकेक मॉडेल उचलून डोळ्यांजवळ नेलं.

“ही ट्यूबलाइट कुणी रंगवली?” त्यांनी विचारलं.

झालं होतं ते असं. पिकलेल्या मोतीबिंदूतून त्यांना सगळं पिवळं दिसायचं. मनातल्या ज्वाळेसारखा रंग मिळेपर्यंत ते रंगात पांढरा मिसळत राहायचे. त्यांना ती आग बरोबर दिसायची. आम्हाला ती फिकी, निळसर, जरा आजारी दिसायची. दिसायची, पण बोललं कुणी नाही. आगीबाबत बॉयलरकाकांना सांगणार कोण? मीही नाही. बघून सांग म्हणून त्यांनी मला शिकवलं होतं आणि तेवढं एक मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी यादी केली. दृष्टी अधू झाल्यापासून जी जी मॉडेलं लोकांना भेट दिली, ती सगळी परत आणायची, दुरुस्त करायची आणि नेऊन द्यायची. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती, म्हणून स्कूटर मी चालवायची आणि मागे काका काळा गॉगल लावून, मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं धरून बसायचे. सिग्नलला लोक आमच्याकडे वळून बघायचे. प्रत्येक दारात काकांचं एकच वाक्य असे, “माझी आग चुकली आहे, ती परत न्यायला आलोय.” जुन्या नाशकातल्या एका लोहारचाचांनी ते ऐकून मान डोलावली.

“काका, बुरा मानू नका,” ते म्हणाले. “मला तवाच वाटलं होतं, ही भट्टी नाय, हे वेल्डिंग हे. पण तुम्ही एवढ्या प्यारनं आणलं, काय बोलणार?”

काकांनी दोन्ही हात जोडले. परत येताना ते मला म्हणाले, चूक मोठी नाही, पण लोकांच्या सभ्यपणामुळे ती इतकी वर्षं टिकली. मी पुढे बघून गाडी चालवत राहिले.

पिंपळगावला कोल्ड स्टोरेजवाल्या एका भाऊंकडे टेम्पोवाल्यांची शेकोटी होती, ऑफिसच्या टेबलावर मधोमध ठेवलेली. भाऊंना ती द्यायचीच नव्हती. “राहू द्या ना काका, लय भारी दिसतंय. कोल्ड स्टोरेजातली शेकोटी हे, थंडच पाहिजे,” ते म्हणाले. काकांना हसू आलं नाही. ते खुर्चीवर बसून राहिले, दोनदा चहा झाला, आणि शेवटी भाऊंनी स्वतः शेकोटी खोक्यात ठेवून वर द्राक्षांची पेटी दिली. अशा एकेक करत सगळ्या आगी घरी आल्या. काकांनी त्या दुरुस्त केल्या, या वेळी मात्र शेजारी निरांजन लावून आणि दर थोड्या वेळाने त्याच्याकडे बघून. आम्ही त्या परत पोचवल्या. लोहारचाचांनी नवी भट्टी हातात घेऊन तिच्यावर फुंकर मारली, आणि काका सगळा रस्ता हसत होते.

यादीत शेवटचं नाव माझं होतं.

मी आधी म्हणाले, माझ्याकडचं ठीक आहे. काका म्हणाले, ठीक कसं असेल, तेच डोळे होते. मग मी भांडले. एकदा दिलेली वस्तू ही घेणाऱ्याची असते, कलावंताचा तिच्यावर हक्क उरत नाही, वगैरे मी बरंच काही बोलले. खरं कारण एवढंच होतं की शेकोटी बदलली की तिच्या उजेडातला चेहरा बदलणार, आणि काकांचा हात आता पूर्वीइतका स्थिर नव्हता. पहिल्या ऑपरेशनच्या आधीपासूनच त्यांची कपबशी वाजायची. तुरीच्या दाण्यावर ब्रश जरा सरकला असता तर बाबा दुसरेच कुणी झाले असते.

काका रागावले नाहीत. खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, “तुझ्या बाबांनी एकदा पत्रक परत घेतलं होतं, आठवतंय का?”

आठवत होतं. बाबांनी एका सुपरवायझरवर पत्रक काढलं होतं आणि नंतर कळलं की तो माणूस त्या दिवशी कामावरच नव्हता. युनियनमधले लोक म्हणाले, जाऊ द्या, लोक विसरतील. बाबा सायकल काढून घरोघर गेले, मिळतील तेवढी पत्रकं गोळा केली, आणि रविवारी आम्ही तिघं जमिनीवर बसून एकेका पत्रकावरची ती ओळ खोडत होतो. आईने कुरकुर केली तेव्हा बाबा म्हणाले होते, खोटं आपल्या बाजूचं असलं म्हणून आपलं होत नाही. मग ती खोडलेली पत्रकं त्यांनी पुन्हा वाटली, पहिलं घर त्या सुपरवायझरचं.

मी आत गेले, मॉडेल टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि काकांच्या खोक्यात ठेवलं.

ते तीन आठवडे वर होतं. बाकीची मॉडेलं त्यांनी दोन-दोन दिवसांत संपवली होती. काकू जिन्यात भेटल्या की सांगायच्या, आज नुसतेच बघत बसलेत; आज ब्रश धुतला आणि तसाच ठेवला. मी वर गेले नाही. टेबलावरच्या रिकाम्या जागेवर मी कशाचे तरी कागद रचून ठेवले, आणि त्या दिवसांत माझ्याकडून एक ओळ लिहून झाली नाही.

मग एका सकाळी काका स्वतः खोकं घेऊन खाली आले. काकू मागून पोह्यांची बशी घेऊन. मी टॉवेल उलगडला आणि मला खरोखर हात मागे घ्यावासा वाटला. शेकोटी पेटली होती. उजळ गाभा, पिवळी कड, वर नारिंगी, टोकाला काजळी. मफलरांवर ऊब होती, पुढे केलेल्या तळहातांच्या कडा तांबूस झाल्या होत्या, गेटच्या लोखंडी गजांवर बारीक नारिंगी रेघा आल्या होत्या. अंधार पूर्वीपेक्षा अधिक अंधार होता. आणि या सगळ्यात कडेला बसलेले बाबा जसेच्या तसे होते. तोच घसरलेला चष्मा, तोच फिका, निळसर पांढरा उजेड चेहऱ्यावर. हातातल्या कागदालाही काकांनी स्पर्श केला नव्हता.

“काका,” मी म्हणाले, “बाबा राहिले.”

काकांनी चष्म्याची काच शर्टाला पुसली. ऑपरेशननंतर त्यांना चष्म्याची गरज नव्हती, सवय होती.

“राहिले नाहीत,” ते म्हणाले. “हातात कागद आहे ना त्यांच्या. कागदावरून उलटलेला उजेड आहे तो. तो पांढराच पडतो.”

आगीपुढे कागद पांढरा राहत नाही. हे मला त्यांनीच निरांजनापुढे दाखवलं होतं, त्याच हातांनी. मास्तरांच्या वहीतला एक शब्द सोडला नाही, होमातल्या दोन समिधा सोडल्या नाहीत, पिंपळगावपर्यंत जाऊन एकेक चुकलेली आग परत आणली, अशा माणसाने माझ्या टेबलावर एक चूक ठेवली होती आणि तिच्यासाठी एक सिद्धांतही तयार करून आणला होता. तीन आठवडे बहुतेक त्यालाच लागले असतील. मी आयुष्यात कुणाचं खोटं ऐकून घेतलेलं नाही. नातेवाइकांचं नाही, पुढाऱ्यांचं नाही, स्वतःच्या संघटनेचंही नाही. काकू माझ्याकडे बघत होत्या.

“हो,” मी म्हणाले. “कागदाचाच आहे.”

काकांनी मान तिरकी केली आणि शेकोटीकडे बघितलं. निकाल देणार असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं, “जमलंय ना?” इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी जमलंय म्हणाले, आणि आम्ही तिघांनी पोहे खाल्ले.

काकांचा हात आता आणखी थरथरतो. नवी मॉडेलं बंद झाली आहेत. गॅलरीतल्या टेबलावर काकूंनी कोथिंबिरीच्या कुंड्या ठेवल्या आहेत आणि पापड भाजताना काका अजून दारात येऊन उभे राहतात. मी लिहिलेलं पत्रक आजही आधी त्यांनाच वाचून दाखवते. मॉडेल माझ्या टेबलावर आहे, पण आता आतल्या बाजूला नाही, पुढे आहे. येणारे-जाणारे वाकून बघतात, कुणी कुणी मागे हात घालून बटन शोधतं. एखादा जाणकार भेटतो आणि म्हणतो, सगळं उत्तम आहे, फक्त या एका माणसाचा उजेड चुकलाय. मग मीही त्या इवल्याशा कागदाकडे बोट दाखवते.